काळा दगड, पण कोणता?

ओट्याच्या कडप्प्यावर लिंबाचा रस सांडला आणि पुसायचा राहिला, की तिथे पांढुरका डाग पडतो. कितीही घासा, जात नाही. कडप्पा हा चुनखडक. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. फिश टँकसाठी दगड निवडताना हा डाग आठवावा. ओट्याचे उरलेले तुकडे टाकीत काळेशार दिसतात आणि काळा म्हणजे आपला सह्याद्रीचा पाषाण, असं समजून कोणी शंका घेत नाही. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवराची खडी, शंख-शिंपले हे सगळे त्याच कुळातले.

टाकीत कोणी लिंबू पिळत नाही, हे खरं. पण माशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, विष्ठेचं विघटन होताना आम्ल तयार होतं, आणि चुनखडक हळूहळू झिजून पाणी जड होतं, पीएच चढतो. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या निऑन टेट्राला किंवा डिस्कसला ते सोसत नाही. शिवाय पीएच चढला की पाण्यातल्या अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात जातो. मासे मलूल दिसतात, आपण औषधं बदलत बसतो आणि दगडाकडे कोणाचं लक्षच जात नाही.

परीक्षा घरच्या घरी होते. दगड धुऊन घ्या, खिळ्याने थोडा खरवडा, त्या भुकटीवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू आली, बुडबुडे येत राहिले, तर चुना आहे. सच्छिद्र दगडातली हवा सुटूनही बुडबुडे येतात, म्हणून दगड आधी पाण्यात भिजवलेला बरा. व्हिनेगर सौम्य असल्याने कधी फसवतं. त्यामुळे मी दुसऱ्या परीक्षेवर जास्त भर देईन: दगड बादलीभर पाण्यात आठ-पंधरा दिवस ठेवायचा, शेजारी तेच पाणी दगडाविना, आणि शेवटी दोन्हींचा पीएच व जडपणा मोजायचा.

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, यात सहसा पास होतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक पाण्याशी फारशी देवघेव करत नाही. मात्र लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजं भरली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचं वैभव पाहायला मिळतं. विहीर खणताना निघालेल्या दगडात असा पांढरा चमकदार गाभा दिसला, की तो टाकीत ठेवायचा मोह होतोच. तो गाभा गारेचा असेल तर खुशाल ठेवा. कॅल्साइट असेल तर नको. गारेने काच ओरखडली जाते, कॅल्साइटने नाही. हिरवट शिरा किंवा सोनेरी धातूची चमक असलेला दगड मात्र परीक्षेच्या आधीच बाजूला काढावा, कारण तांबं कोळंबीला आणि गोगलगाईंना थोडंसुद्धा पुरतं.

लाल जांभा देखणा खरा, पण त्याचे कण सुटत राहतात. दुकानात सेइर्यू नावाने मिळणारा करडा, पांढऱ्या शिरांचा दगड पाण्याचा जडपणा वाढवतो. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या टाकीत तर आणखी वेगाने. तरी चुना म्हणजे विष नव्हे. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिडना जड, अल्कधर्मी पाणीच हवं असतं, त्यांच्याकडे चुनखडक शोभतो. मॉली आणि गप्पीही खूश राहतात.

दगड ब्रशने घासून धुवावा, साबण अजिबात नको. वरून कढत पाणी ओतावं, पण गॅसवर उकळायला ठेवू नये. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. एक लिटर पाणी एक किलोचं, तर तेवढ्याच आकाराचा बसाल्ट सुमारे तीन किलोचा. म्हणून काचेच्या तळावर आधी थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर दगड, आणि वाळू सर्वांत शेवटी. वाळूवर दगड रचले तर मासे खालून उकरतात आणि सगळी रास काचेवर कलंडते.