प्रतिमा आणि आचरण

परदेशात देशाची प्रतिमा सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं? एक सरकार दुसऱ्या सरकारशी बोलतं, ती मुत्सद्देगिरी. दुसऱ्या देशातल्या सामान्य माणसापर्यंत पोचायचं, त्याला आपण लोकराजनय म्हणू.

आपल्याकडे यासाठी संस्था आहेत. १९५० साली मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. १९६४ पासून 'आयटेक' योजनेत विकसनशील देशांतले अधिकारी, तंत्रज्ञ इथे प्रशिक्षणाला येतात.

पण एक उदाहरण बघा. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. जपानशी लढताना जखमी झालेल्यांवर उपचार करता करता १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. पुढे १९६२ चं युद्ध झालं. कोटणीसांच्या पुण्याईनं ते टळलं नाही. सदिच्छेला ही मर्यादा आहेच. पण युद्धानंतरही त्यांचं नाव तिथे पुसलं गेलं नाही. शिज्याझुआंगमध्ये त्यांचं स्मारक आहे.

असं का? कारण त्यांनी भारताची जाहिरात केली नाही, जखमा बांधल्या. जाहिरात आपल्याविषयी बोलते. आचरण समोरच्याच्या गरजेला उत्तर देतं. प्रतिमा ही आचरणाची सावली. सावलीला रंग देऊन काय होणार?

आज पुण्यात आफ्रिकेतली, अफगाणिस्तानातली मुलं शिकतात. शिष्यवृत्ती सरकार देईल, पण भाड्यानं खोली आपणच द्यायची असते. घरी परतल्यावर ती मुलं भारताबद्दल जे सांगतील, तेच तिथे खरं मानलं जाईल.