मुलांना सागरेश्वर दाखवा

वाचकहो, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारा तुमचा मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली की विचारून पाहा, सांबर कुठे पाहिलेस? बहुधा पुस्तकात, नाहीतर जाळीआड. कॉलेजने चार प्राणी पिंजऱ्यात ठेवून मुलांना दाखवावेत, असेही आता मनात आले म्हणून करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. प्राणिसंग्रहालय चालवायचे तर १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाची मान्यता लागते.

पण सांगली जिल्ह्यात बिनपिंजऱ्याची शाळा आहे. कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, म्हणजे देवराष्ट्र्याजवळ, सागरेश्वर अभयारण्य आहे. महादेवाच्या दर्शनाला तुम्ही गेलाही असाल.

हे जंगल आयते मिळालेले नाही. चराई आणि कुऱ्हाड यांनी हे डोंगर बोडके झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ते हिरवे करण्याचा ध्यास घेतला. झाडे लावली, जपली, मग चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे २,७०० एकर. तरस, कोल्हा, साळिंदरही येथे राहतात.

मुलांना घेऊन जाल तेव्हा नुसती हरणे मोजू नका. खुरांचे ठसे, लेंड्या ओळखायला शिकवा. झाडाखालची माती हातात घेऊ द्या आणि शेजारच्या उघड्या माळाची मातीही. पावसाचे पाणी कुठे मुरते आणि कुठे माती घेऊन वाहून जाते, हे मूल आपणच सांगेल.

आता दुसरी बाजू. हरणे कुंपणाबाहेर येऊन पिके खातात. उन्हाळ्यात आतला चारा-पाणी आटले की ती हिरव्या रानाकडे वळणारच. ज्याचे उभे पीक गेले, त्याचा राग खोटा नाही. तरीही फास लावू नका, तारेत वीज सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला रात्री पाणी पाजायला गेलेला घरचाच माणूस चिकटू शकतो. नुकसान दिसताच त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. शासनाची तशी तरतूद आहे.

जंगल राखायचे तर शेजारचा शेतकरीही राखला पाहिजे. मुलांना हा धडाही तेथेच शिकवा.