पहिल्यांदा कोणता रोल-प्लेइंग गेम खेळावा?
चारठाणा गावच्या प्राचीन मंदिरांत वावरलेल्या पोराला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) लगेच भुरळ घालेल. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, राक्षसही आहेत. पण तो हातघाईचा साहसी खेळ, रोल-प्लेइंग नव्हे.

नवख्याने १९९५चा जपानी ‘क्रोनो ट्रिगर’ घ्यावा. मोबाइलवर मिळतो, एकदाच पैसे भरायचे. लढाईत हल्ला, विद्या की औषध हे यादीतून निवडायचं. ‘वेट’ पर्याय ठेवला की विद्या किंवा औषध शोधताना शत्रूही थांबतो. जिंकलं की अनुभवगुण मिळतात, पात्राची ताकद वाढते. रोल-प्लेइंग प्रकारातली खरी गोडी हीच! संवाद इंग्रजीत आहेत, म्हणून सुरुवातीला मोठ्या भावंडाला शेजारी बसवावं.