दिवाळीत राखणदाराला साखळी नको, आडोसा द्या!



दिवाळी तोंडावर आली. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करू, गोठा सारवू. पण वर्षभर रात्री जागून मळा राखणाऱ्या कुत्र्याची आठवण या चार दिवसांत कुणाला होते? खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे म्हणून आपण चंदनपुरीला हात जोडतो. घरचं कुत्रं मात्र फटाक्यांच्या रात्री वाऱ्यावर सोडतो, नाहीतर खुंट्याला बांधतो.

या बाबतीत माझ्याच हातून एक चूक झाली आहे, ती आधी सांगतो. निफाड तालुक्यात कामाला असताना छाटणीनंतरच्या फवारणीचं सांगायला एका द्राक्षबागेवर गेलो होतो. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. निघताना घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, फटाके वाजले की आमचा मोत्या सैरावैरा पळतो. काय करावं?" मी सहज बोलून गेलो, "साखळीला बांधून ठेवा, म्हणजे जायचा नाही." त्यांनी ऐकलं. रात्री शेजारच्या वस्तीवर सुतळी बॉम्ब सुरू झाले. मोत्यानं हिसके देऊन देऊन खुंटा उपटला आणि साखळीसकट बागेत पळाला. साखळी मांडवाच्या लोखंडी अँगलला गुंडाळली गेली. त्या आवाजात त्याचं केकाटणं कुणाला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला तेव्हा गळा पट्ट्यानं कापला होता. जगला बिचारा, पण पुढं ट्रॅक्टर सुरू झाला तरी खाटेखाली शिरायचा. राखण संपली. दीड महिन्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. आजी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. म्हणूनच ते जास्त लागलं.

कुत्रं एवढं का घाबरतं?

माणसाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. म्हणजे आपल्या कानाला कळतही नाहीत असे बारीक स्वर त्याला ऐकू येतात. शिवाय वात पेटलेली आपल्याला दिसते, आपण कानावर हात ठेवतो. त्याला काहीच कळत नाही, एकदम धडाका होतो. धाप लागणं, लाळ गळणं, थरथरणं, शेपूट पायात घालणं, भाकरीला तोंड न लावणं ही सगळी भीतीची लक्षणं. अशा वेळी ते दिशा न बघता पळतं. पुढं बिनकठड्याची विहीर असते, हायवे असतो. उसात बिबट्या असला तर तो कुत्र्यावरच टपलेला असतो, हे आपल्या गोदाकाठाला मी सांगायला नको.

काय करावं?

दिवाळीआधी आठ-पंधरा दिवस घरातली आतली एक खोली ठरवा. रोजची भाकरी तिथंच द्या, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटेल. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून त्याच वेळी आवडीचं खायला द्या. घाबरलं नाही तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवा. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. रेबीजची लस राहिली असेल तर उरकून घ्या.

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत त्याला मळ्यातून चांगलं फिरवून आणा आणि अंधार पडण्याआधी खाऊ घाला. मग आतल्या खोलीत मोकळं ठेवा, बांधू नका. खिडकीला गोणपाट लावा, पाणी ठेवा, रेडिओ किंवा टीव्ही चालू ठेवा. खाटेखाली बसलं तर ओढून काढू नका. जवळ आलं तर पाठीवरून हात फिरवा. लाड केल्यानं भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. रागावू मात्र नका.

मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. म्हणून औषधाबद्दल एवढंच सांगतो, की आपल्या डोकेदुखीची, झोपेची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. फारच घाबरत असेल तर आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, डॉक्टर योग्य ते देतील. आणि आपण द्राक्षवाले, म्हणून एक ध्यानात ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. बेदाणे घातलेला लाडू, चिवडा प्रेमानं पुढं टाकू नका.

सकाळी अंगणातले फुसके फटाके, दारूचा कचरा आणि फुलबाजीच्या तारा झाडून घ्या. घाबरलेलं कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

पोरांना सांगा

कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणं ही गंमत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. दहाच्या आत आवाज थांबला तरी वस्तीवरच्या मुक्या जिवाला अर्धी रात्र मिळते. गल्लीतलं बेवारस कुत्रं त्या रात्री ओसरीला आलं तर हाकलू नका. सकाळी ते आपणहून जाईल.

त्या आजींकडं मी पुढच्या दिवाळीला मुद्दाम गेलो. मोत्या आतल्या घरात, धान्याच्या कोठीमागं गोधडीवर पडला होता. बाहेर बार उडत होते आणि आजी त्याच्याजवळ बसून वाती वळत होत्या. थरथरत होता, पण पळाला नाही. मी सांगायला हवं होतं ते आजींनी आपल्या बुद्धीनं केलं होतं. तुम्हीही यंदा तेवढं करा.