अंगठी टेकवा, तारा पेटवा!

गुरुवार होता. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना गुरुवारचं वेगळं काय सांगायचं? कंपन्यांना सुट्टी, बाबा घरी आणि बरेचदा लाइटसुद्धा सुट्टीवर! त्या दिवशी तर संध्याकाळ झाली, तरी लाइटचा पत्ता नव्हता.

मी निगडीला बहिणीकडे गेले होते. भाची गॅलरीत गाल फुगवून बसली होती.

"मावशी, कंटाळा आला. काहीतरी जादू कर ना!"

मी पिशवीतून एक कांडी काढली. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची. टोकाला पुठ्ठ्याचा तारा. मी म्हटलं, "अंधाऱ्या अंधाऱ्या, पळ!" आणि तारा लख्ख पेटला!

तिच्या दादानं लगेच कांडी हिसकावली. हलवली. फुंकर मारली. मंत्र म्हटला, एकदा हळू आणि एकदा ओरडून. तारा ढिम्म! मग मी कांडी हातात घेतली. पुन्हा लख्ख!

"तुझंच कसं ऐकते ती?" दादा चिडला.

ओळखा पाहू! माझ्या हातात असं काय होतं, जे दादाच्या हातात नव्हतं?

नाही ओळखलं? थांबा, गुपित सांगते. पण त्याआधी विजेची एक सवय माहीत करून घ्यायला हवी.

वीज फेर धरते

भोंडला खेळलाय ना? मध्ये पाटावरचा हत्ती, भोवती सगळ्यांचा फेर. हातात हात. एकजण सरकला की सगळेच सरकतात. पण एकानं हात सोडला तर? फेर तुटला!

वीज अशीच आहे. सेलच्या एका टोकातून निघते, वायरमधून जाते, दिव्यातून जाते आणि सेलच्या दुसऱ्या टोकाला परत येते. परत यायची वाट नसेल, तर ती निघतच नाही! या पूर्ण फेराला म्हणतात सर्किट. मराठीत परिपथ.

या फेरात हात धरून कोण उभं असतं, माहितीये? इलेक्ट्रॉन! वायरमधल्या धातूत हे इवलेसे कण खच्चून भरलेले असतात. इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत.

आता सांगा, हे इलेक्ट्रॉन किती जोरात पळत असतील? मोटारीसारखे? विमानासारखे?

चूक! आपल्या कांडीतले इलेक्ट्रॉन गोगलगायीपेक्षाही हळू सरकतात! एखादा इलेक्ट्रॉन कांडीच्या शेपटीपासून टोकापर्यंत जायचा म्हटला, तर त्याला कित्येक तास लागतील.

मग तारा लगेच कसा पेटतो?

घरातला नळ आठवा. पिंपरी-चिंचवडला पवना नदीचं पाणी येतं. नळ सोडला की पाणी लगेच येतं ना? ते काय पवना धरणातून त्याच क्षणी धावत आलं? छे! पाइप आधीच पाण्यानं भरलेला असतो. मागून ढकललं की पुढचं बाहेर पडतं. वायरही तशीच, इलेक्ट्रॉननी आधीच भरलेली. एक हलला की सगळे हलले. अगदी भोंडल्याच्या फेरासारखे!

आणि आता गुपित

माझ्या कांडीच्या मुठीवर चांदीच्या कागदाच्या दोन चकत्या चिकटवल्या होत्या. चांदीचा कागद म्हणजे डब्यातल्या पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल. दोन चकत्यांमध्ये साबुदाण्याच्या दाण्याएवढी फट. फेर नेमका तिथेच तुटला होता.

आणि माझ्या बोटात होती त्याच फॉइलची अंगठी!

अंगठी दोन्ही चकत्यांना एकदम टेकली की फट बुजते. हातात हात येतात, फेर पुरा होतो आणि तारा पेटतो. दादाकडे अंगठीच नव्हती. बिचारा घसा फोडून मंत्र म्हणत होता!

पण मग दादाच्या बोटातून वीज का गेली नाही? कोरडी कातडी विजेला सहजासहजी वाट देत नाही. दोन छोट्या सेलचा जोर तिथे फारच कमी पडतो. अॅल्युमिनियममधून मात्र वीज झरझर जाते.

चला, बनवू या!

सोबत मोठं माणूस हवंच. कात्री आणि वायर सोलायचं काम त्यांचं.

सामान अगदी थोडं. दोन पेन्सिल सेल. एक पांढरा एलईडी, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा दिवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो काही रुपयांत मिळतो. बारीक वायरचे तीन तुकडे. फॉइल, चिकटपट्टी, मोठा रबरबँड, जुनं कॅलेंडर आणि ताऱ्यासाठी पुठ्ठा.

आधी तिन्ही वायरची टोकं सोलून घ्या. वायरचं प्लॅस्टिक म्हणजे शेंगेचं टरफल. ते काढलं नाही, तर दाणा मिळणार कसा?

आता सेल रांगेत उभे करा, प्रार्थनेला उभे राहतो तसे एकामागे एक. दोघांची तोंडं एकाच दिशेला. सेलचं बोंड आलेलं टोक म्हणजे तोंड, तेच अधिक. सपाट बूड म्हणजे उणे. मागच्याचं बोंड पुढच्याच्या बुडाला टेकलं पाहिजे. दोघांना कागदात घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावा. एका सेलचा जोर दीड व्होल्ट. दोघांचा मिळून तीन!

एलईडीला दोन पाय असतात. एक लांब, एक आखूड. लांब पाय अधिकचा, आखूड उण्याचा. पहिली वायर लांब पायाला पिळा. तिच्या दुसऱ्या टोकाला फॉइलची छोटी गोळी करा आणि ती पुढच्या सेलच्या बोंडावर ठेवा.

दुसरी वायर आखूड पायाला पिळा. तिचं दुसरं टोक मुठीवरच्या एका चकतीखाली जाईल.

तिसऱ्या वायरच्या टोकालाही फॉइलची गोळी करा. ती मागच्या सेलच्या बुडाला लावा. वायरचं उरलेलं टोक दुसऱ्या चकतीखाली.

रबरबँड उभा ताणून दोन्ही गोळ्या सेलवर दाबून बसवा. एलईडीच्या दोन्ही पायांवर वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळा. पाय एकमेकांना टेकता कामा नयेत! टेकले तर वीज दिव्याला वगळून मधल्या चोरवाटेनं परत जाईल. तारा पेटणार नाही आणि सेल मात्र तापेल. सेल कोमट लागला, तर अंगठी लगेच दूर करा.

आता कॅलेंडरचा कागद भोवती गुंडाळून कांडी करा. पुढचं टोक निमुळतं ठेवा, तिथून एलईडी डोकावू दे. तारा चिकटवा. मुठीवर चकत्या लावा. फॉइलच्या पट्टीला चार घड्या घालून अंगठी करा.

टेकवा अंगठी. पेटला?

नाही पेटला? रडू नका!

पहिल्या फटक्यात माझाही पेटला नव्हता. मी एलईडी उलटा जोडला होता! एलईडी म्हणजे वन-वे रस्ता. वीज लांब पायातून शिरून आखूड पायातून बाहेर पडते. उलट बाजूनं आलात, तर प्रवेश बंद! मग पायांची अदलाबदल करा. सेलची तोंडं तपासा. गोळ्या सैल आहेत का, तेही पाहा.

पेटला? मग बंद असताना एलईडीमध्ये डोकावून बघा. आत पिवळा ठिपका दिसतो का?

गंमत ऐका. पांढऱ्या एलईडीच्या पोटात पांढरा दिवा नसतोच! तिथे असतो निळा दिवा. त्याच्यावर पिवळ्या पदार्थाचा लेप असतो, नवरदेवाला हळद लावतात ना, तसा! थोडा निळा प्रकाश लेपातून आरपार येतो. बाकीचा लेपात शिरतो आणि पिवळा होऊन बाहेर पडतो. निळा आणि पिवळा प्रकाश एकदम डोळ्यांत शिरले, की आपल्याला वाटतं, पांढरा!

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ सालीच तयार झाला होता. पण झगझगीत निळा काही केल्या जमेना! त्याला आणखी तीसेक वर्षं लागली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांनी तो जमवला. त्यासाठी त्यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे तुमच्या पुठ्ठ्याच्या ताऱ्यात नोबेल बसलंय!

आपल्या कांडीत लाल एलईडी मात्र थेट लावू नका. त्याला साधारण दोनच व्होल्ट पुरतात. तीन व्होल्ट दिले, तर जास्त जेवलेल्या पाहुण्यासारखी त्याची अवस्था होईल!

ट्रक सोडून खेळण्यांकडे

कागद, फॉइल, रबरबँड. यातून विज्ञान शिकता येतं, हे आपल्याला आवडीनं दाखवणारे एक काका आहेत. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून इंजिनीअर होऊन ते पुण्याच्या टेल्कोत लागले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, आपल्या पिंपरीतली! तिथे बनायचे भलेमोठे ट्रक.

१९७८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि गेले कुठे? मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत! तिथे मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवायचं काम चाललं होतं. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या घेऊन गुप्ताकाकांनी त्रिकोण, चौकोन, घरं बनवली. नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे खांब. ट्रक बनवणारा माणूस काड्यापेटीत रमला!

पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या संस्थेत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांना बनवायला शिकवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याच्या टोपलीत वाकून पाहणाऱ्याला पद्मश्री! आता आई ओरडली, तर हे सांगून बघा.

चाकणच्या मोटारीतली कांडी

चला, परत त्या संध्याकाळी! दादा चिडला होता, तेवढ्यात भाचीचे बाबा गॅलरीत आले. ते चाकणला मोटारींच्या कारखान्यात वायरिंगचं काम करतात. कांडी हातात घेऊन ते हसायला लागले.

"अरे, ही तर आमचीच गाडी!"

गाडी? कुठून?

ते म्हणाले, "मोटारीत दिव्यांसाठी बॅटरी असते. बॅटरीच्या अधिक टोकापासून दिव्यापर्यंत वायर जाते. पण परत यायची वायर बॅटरीपर्यंत आणावीच लागत नाही! मग वीज परत कशी येते, सांगा."

आम्ही सगळे गप्प.

"गाडीच्या बॉडीतून!"

काय? हो! मोटारीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वायर! बॅटरीचं उणे टोक बॉडीला जोडलेलं असतं. दिव्याचं उण्याचं टोकही जवळच बॉडीला बसवतात. झाला फेर पुरा! मेकॅनिक त्याला अर्थिंग म्हणतात. ते गंजलं किंवा सैल झालं, की दिवा मिणमिणतो. आपली फॉइलची गोळी सैल झाल्यावर होतं, तसंच!

आजच्या एका मोटारीत एक किलोमीटरहून जास्त वायर असते. परतीचं बरंचसं काम बॉडी करते, म्हणून निदान तेवढ्यावर भागतं! आणि घाबरू नका, दाराला हात लावला म्हणून शॉक बसत नाही. साध्या मोटारीच्या या बॅटरीचा जोर फक्त बारा व्होल्टचा.

कानात सांगायच्या दोन गोष्टी

एक. कांडी भिंतीतल्या प्लगला कधीही, कधीही जोडायची नाही! कांडीत तीन व्होल्ट. प्लगमध्ये दोनशे तीस. तो जीव घेऊ शकतो.

दोन. मी चपटा बटण सेल का नाही घेतला? घड्याळात, रिमोटमध्ये असतो ना, तो. त्यावर बरेचदा २०३२ असा आकडा असतो. तो काही साल नाही बरं! २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दिसायला नाण्यासारखा, म्हणून छोटी भावंडं तोंडात घालतात. तो गिळला, तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजू लागते. असं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना!

आता पुढचा खेळ तुमचा. अंगठीऐवजी दोन्ही चकत्यांना एकदम रुपयाचं नाणं टेकवा. स्टीलचा चमचा टेकवा. खोडरबर टेकवा. टोक काढलेल्या पेन्सिलीचं शिसं आडवं धरून दोन्ही चकत्यांना टेकवा. गडद अंधारात ओलं बोटसुद्धा लावून पाहा. तारा कधी लख्ख, कधी मिणमिण, कधी ढिम्म? वहीत तीन रकाने आखा आणि लिहून काढा.

मात्र प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा, मग टेकवायचं. अंदाज चुकला, तर खोडायचा नाही!