वाकड्या मानेचा लक्का

बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत कबुतरांचा शौक अंगात मुरलेला आहे. या शौकाचं मूळ शोधायला गेलं की अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’पाशी पोचायला होतं. अकबराच्या दरबारी 20,000 वर कबुतरं होती, त्यातली 500 खासगीची; खुराक सात धान्यांचा. छावणी हलली की खुराडी भोयांच्या खांद्यावर आणि थवा वरून सोबतीला. 1600 साली असीरगडाच्या वेढ्यासाठी अकबर बुऱ्हाणपुरात येऊन राहिला होता. तापीकाठी तेव्हा ही खुराडीही उतरली असतील का, हा विचार काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही.

याच ग्रंथात ‘लोटन’ कबुतराचं वर्णन आहे. त्याला जरा हलवून जमिनीवर ठेवलं की ते कोलांट्यांवर कोलांट्या घेतं. डार्विनने 1868 च्या ग्रंथात त्याची आवर्जून दखल घेतली. उचलून तोंडावर फुंकर घालेपर्यंत ते लोळत राहतं, तसंच सोडलं तर मरेपर्यंत लोळतं असं सांगतात, आणि ही खोड 1600 च्याही आधीपासून पिढ्यानपिढ्या उतरत आली आहे, असं तो लिहितो. मला हे वाचून वाईट वाटतं. तोल जाणाऱ्या पाखराची माणसाने तमाशासाठी पैदास केली, आणि आजारामुळे तोल गेलेलं पाखरू मात्र त्याला नकोसं होतं.

आमचा लक्का असाच नकोसा झालेला. शनवाऱ्याकडच्या एका गच्चीवरून तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याची चोच आभाळाकडे आणि टाळू पाठीला टेकलेली होती. कोंबड्यांच्या मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, जो विषाणू, त्याचाच कबुतरांतला प्रकार या आजाराच्या मुळाशी असतो. 1980 च्या दशकात तो युरोपभर पसरला. त्यावर औषध नाही. इतर कबुतरांपासून वेगळं ठेवून कित्येक आठवडे नेटाने सांभाळलं तर बरीच पाखरं सावरतात. काहींची मान मात्र जन्माची वाकडी राहते.

लक्का दाणा हेरतो, नेम धरतो आणि चोच इंचभर बाजूला आपटते. समोर पसरलेलं धान्य असूनही असं पाखरू उपाशी मरतं. म्हणून त्याला खोल, जड वाटी काठोकाठ भरून द्यावी. चोच कुठेही पडली तरी दाण्यातच पडते. फारच मान फिरली असेल त्या दिवशी भिजवलेले वाटाणे एकेक करून चोचीत, जिभेच्या मागे ठेवायचे. पाणीही खोल भांड्यात, कारण कबूतर चोच बुडवून पाणी ओढून घेतं. तोंडात पाणी ओतू नये. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, ठसका जिवावर बेततो. विष्ठा पाण्यासारखी होते म्हणून काही जण पाणी तोडतात. हा उफराटा न्याय आहे. मूत्रपिंडं बिघडल्याने पाणी वाहून जात असतं, तेव्हा ते जास्तच द्यायला हवं.

दांडीऐवजी बसायला वीट, खाली जुना टॉवेल, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. पिसं फुगवून बसलेलं पाखरू गुबगुबीत दिसतं. खरं काय ते काटाच सांगतो. दचकलं की मान पुन्हा पिळते. कुकरच्या शिट्टीनेसुद्धा लक्का गरकन फिरतो. दिवाळीत त्याचा पिंजरा आतल्या खोलीत, वर चादर घालून.

आवश्यक ते थोडक्यात: सुकलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, हात धुवा. घरात दमेकरी असेल तर हा उद्योग नकोच.  

ज्यांच्या गच्चीवर थवा आहे, त्यांनी पशुवैद्यांना विचारून निरोगी कबुतरांना वेळेवर लस टोचून घ्यावी. एकदा आजार जडल्यावर तिचा उपयोग नाही. आणि मान वाकडी झालेल्याला ‘जा बाबा, मोकळा हो’ म्हणून उडवून देऊ नये. सरळ उडता न येणारं कबूतर मांजराच्या नाहीतर शिकऱ्याच्या तोंडी जातं. लक्क्याची मान सरळ होईल ही आशा मी केव्हाच सोडली. तरीही तो पोटभर खातो, उन्हात पंख पसरून पडतो, आरशापुढे घुमतो. पाखराच्या सुखाला याहून अधिक काही लागतं, असं मला वाटत नाही.