अंतराऐवजी भाडे : विमान कंपन्यांच्या पॉइंटांचे बदललेले गणित

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले मंडल. घराघरांत मराठी आणि शेतात कापूस, ही या भागाची ओळख. येथून विमान गाठायचे, तर उत्तरेला नागपूर सुमारे दोनशे किलोमीटरवर आणि दक्षिणेला हैदराबाद तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही शिक्षण, नोकरी, उपचार किंवा लग्नकार्य यांसाठी अशा गावांतील कुटुंबेही वर्षादोन वर्षांतून विमानाने प्रवास करतात. तिकिटासोबत त्यांच्या खात्यावर काही पॉइंट जमा होतात. ‘पुढच्या वेळी कामाला येतील’ म्हणून ते तसेच पडून राहतात. अलीकडच्या बदलांमुळे मात्र ही सवय तोट्याची ठरू शकते.

पॉइंट मिळतात कसे?

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केलेली योजना पुढे जगभरातील कंपन्यांसाठी नमुना ठरली. तिचे तत्त्व साधे होते : जितके मैल प्रवास, तितकी बक्षिसी. कालांतराने कंपन्यांच्या लक्षात आले की, लांबचा पण स्वस्त प्रवास करणाऱ्यापेक्षा जवळचा पण महागडा प्रवास करणारा ग्राहक अधिक उत्पन्न देतो. परिणामी डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये, तर अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये अंतर सोडून भाड्याला आधार मानले.

भारतात हा बदल ठळकपणे आला तो २०२४ मध्ये. एअर इंडियाने ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही जुनी योजना नव्याने बांधताना खर्चावर आधारित पॉइंट देण्याचे ठरवले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली. त्यानंतर योजनेला ‘महाराजा क्लब’ हे नाव मिळाले आणि ‘क्लब विस्तारा’च्या सभासदांचे पॉइंट तिच्यात एकास एक प्रमाणात वर्ग झाले. त्याच वर्षी इंडिगोनेही ‘ब्लूचिप’ ही आपली योजना आणली.

या बदलाचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूर-दिल्ली विमानात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने दोन महिने आधी ४,००० रुपयांना, तर दुसऱ्याने आदल्या दिवशी १०,००० रुपयांना तिकीट घेतले. दर १०० रुपयांमागे ६ पॉइंट मिळतात असे धरल्यास पहिल्याला २४० आणि दुसऱ्याला ६०० पॉइंट मिळतील. अंतर एकच, बक्षिसी मात्र अडीचपट. शिवाय सरकारी कर व विमानतळ शुल्क सामान्यतः या हिशेबात धरले जात नाही. काटकसरीने तिकीट काढणाऱ्याची पॉइंटांची पुंजी त्यामुळे सावकाश वाढते. तथापि पॉइंटांच्या मोहाने महाग तिकीट घेणे शहाणपणाचे नाही. वरील उदाहरणात ३६० जादा पॉइंटांसाठी ६,००० रुपये अधिक मोजावे लागले.

वापरताना किंमत किती?

दुसरा बदल पॉइंट वापरण्याच्या बाजूचा. पूर्वी अमुक मार्गासाठी अमुक मैल, असे ठरलेले तक्ते असत. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये असे तक्ते काढून टाकले. अशा पद्धतीत मागणी वाढली की लागणारे पॉइंटही वाढतात. लग्नसराई, दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे गरज सर्वाधिक असतानाच पॉइंट अपुरे पडण्याची शक्यता असते.

पॉइंटाचे खरे मोल काढणे अवघड नाही. समजा, तिकीट ६,००० रुपयांचे आहे आणि तेच ८,००० पॉइंट अधिक १,२०० रुपये कर भरून मिळते. वाचलेले ४,८०० रुपये ८,००० ने भागले की एका पॉइंटाचे मोल ६० पैसे येते. उद्या त्याच आसनासाठी १२,००० पॉइंट मागितले, तर हे मोल ४० पैशांवर घसरते. खात्यातील आकडा तोच राहतो, पण एक तृतीयांश मोल नाहीसे होते.

बँकेतील ठेव आणि पॉइंट यांत फरक आहे तो नेमका येथे. ठेवीवर व्याज मिळते. पॉइंटांचे नियम ठरवण्याचा व बदलण्याचा अधिकार मात्र कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची पॉइंट योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालली. परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते, ती विमानेच उरली नाहीत.

क्वचित प्रवास करणाऱ्याने काय करावे?

गोव्यात दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला आहे. येथील व्यावसायिक महिन्यातून दोनदा विमानाने गेला, तर नवी पद्धत त्याला मानवू शकते. बेलासारख्या गावातील कुटुंबाची अडचण वेगळी आहे. एअर इंडियाच्या नव्या रचनेत पॉइंट जिवंत ठेवण्यासाठी २४ महिन्यांत किमान एक उड्डाण ही अट ठेवण्यात आली. वारंवार प्रवास करणाऱ्याला ती जाणवतही नाही. दोन हंगाम पीक हातचे गेलेल्या घराला मात्र ती पाळणे कठीण.

म्हणून तिकीट एजंटाकडून काढले, तरी सभासद क्रमांक आरक्षणाच्या वेळीच द्यावा आणि खात्याला एजंटाचा नव्हे, स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडावा. पॉइंट जमा झाल्याची खात्री होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा. घरातील सर्वांचे पॉइंट एकत्र करण्याची सोय आहे का, हे पाहावे. मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुरेसे पॉइंट जमताच, गर्दीचा हंगाम टाळून, ते वापरून टाकावेत. पॉइंटांकडे पुंजी म्हणून न पाहता मुदतीचे कूपन म्हणून पाहिले, तर क्वचित प्रवास करणाऱ्यालाही त्यांचा लाभ मिळू शकतो.